तारण आणि जामीन

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं गहाणास ‘आधि’ असा शब्द योजिला आहे. आणि मनाच्या व्यथेसहि संस्कृतांत तोच शब्द आहे. मराठीनें मात्र त्याच व्यवहारास ‘तारण’ हें नांव देऊन त्यांत तरून जाण्याची आशा सांठविली. एकाच गोष्टीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींपैकीं खरी कोणती, हा प्रश्न नुकताच एका साध्या प्रसंगानें माझ्यापुढें आला.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील एक परिचर नवीन नाशकांत तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचें घर घेऊं पाहत होता. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडको संस्थेनें वसविलेला हा भाग. इतका कीं, नाशिककर त्यास ‘सिडको’ असेंच म्हणतात. येथील घरें मुळांत भाडेपट्ट्यानें दिलीं गेलीं. जमिनीची मालकी संस्थेकडे राहिली व हस्तांतरास तिच्या संमतीची अट पडली. या घराच्या मूळ धारकानें तें पंचवीस वर्षांपूर्वीं केवळ मुखत्यारपत्रावर दुसऱ्याच्या हवालीं केलें होतें. तो दुसरा गृहस्थ आतां विकणारा. एका बँकेनें कागद पाहिले आणि कर्ज नाकारलें.

मला प्रथम संताप आला. ज्यानें पंचवीस वर्षें त्या घरांत चूल पेटविली, कर भरले, मुलींचीं लग्नें केलीं, त्याचें घर त्याचें नव्हे काय? सारी आळी साक्षीस उभी असतां एका कागदाच्या अभावीं सारें व्यर्थ? विलायतेंतहि हाच अनुभव आहे. तेथें १९८० च्या कायद्यानें नगरसभांचीं घरें भाडेकऱ्यांस विकत घेण्याचा हक्क मिळाला. परंतु उंच मनोऱ्यांतील तसलें घर पुढें कोणी घेऊं लागला, तर सावकारी संस्था कर्जदाराच्या सचोटीइतकेंच इमारतीचे मजले मोजतात व भिंतींची रचना विचारतात. पण या संशयास आधार नाहीं असेंहि म्हणवत नाहीं. १९६८ सालीं लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर वायूचा स्फोट झाला, तिचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला, आणि चार माणसें दगावलीं. इमारतींत लोक राहावयास येऊन तेव्हां पुरते दोन-तीन महिनेहि झाले नव्हते.

कागदाविषयींचा आपला राग जुना आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, कारण जें त्यांना वाचतां येत नव्हतें त्यानेंच त्यांस बांधलें होतें. पुढें १८७९ च्या कायद्यानें रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. यावरून कागद हा गरिबाचा वैरी, असा निष्कर्ष कोणी काढील. पण आमच्या परिचराची गोष्ट उलट आहे. मुखत्यारपत्रानें मालकी जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे. शिवाय तें देणारा वारला कीं सामान्यतः पत्रहि संपतें, आणि येथें मूळ धारक वारला होता. बँकेनें डोळे मिटून पैसे दिले असते, तर हा मनुष्य वीस वर्षें हप्ते भरून परक्याचें घर राखीत बसला असता. बँक आपला पैसा राखीत होती, त्याचें हित नव्हे. तरी त्या राखणींत त्याचेंहि रक्षण झालें. हेतूची थोरवी आणि फळाचें चांगलेपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें मला त्या दिवशीं नव्यानें पटलें.

शोध करितां मूळ धारकाची वृद्ध पत्नी सिन्नर तालुक्यांत सांपडली. तीच एकटी वारस. तिनें सहीसाठीं वाटेल ती रक्कम मागितली असती तर देणें भाग होतें. बाई एस. टी. नें आली, “घर आमच्या मालकांनीं विकलं, पैसं घेतलं, आतां सही अडवून कोनाचं भलं हुनार?” एवढेंच बोलली, आणि सर्व कागदांवर सह्या करून गेली.

सारे कागद जुळले, संस्थेची संमति मिळाली, तरी बँकेनें एक जामीन मागितलाच. परिचर माझ्याकडे आला. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें जामिनाची जबाबदारी, निराळें ठरलें नसेल तर, ऋणकोइतकीच असते. मीं दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत त्याचा पगार किती, प्रकृति कशी, मुलांचीं शिक्षणें कोठवर आलीं, याची मीं मनांतल्या मनांत चौकशी केली. म्हणजे बँकेनें जें केलें तेंच. भेद इतकाच कीं, बँक त्यास ओळखत नव्हती आणि मी त्यास चौदा वर्षें ओळखत होतों. अनोळखी माणसांत कागद हा विश्वासाचा सेतु होय. ओळखीच्या माणसांत तोच मागणें म्हणजे आपल्या ओळखीचाच अपमान.

तिसऱ्या दिवशीं मीं सही केली. ती औदार्यानें केली असें म्हणवत नाहीं. सिन्नरच्या त्या बाईपुढें वाटलेली लाज त्यांत अधिक होती. आतां त्याचें घर बँकेकडे तारण आहे, आणि माझ्या वांट्यास थोडासा आधि आला आहे. तो मला मुळींच जड वाटत नाहीं असें लिहिलें, तर तें खोटें होईल.