धीर धरणे आणि धीर देणे

आमच्या मंडळीतील एक मुलगी चारशे मीटर धावते. खरे म्हणजे धावत असे. वय एकोणीस. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, निवड चाचणीला अवघे तीन आठवडे उरले असताना, सरावात तिचा गुडघा मुरगळला आणि आतील लिगामेंट तुटल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया झाली. मी तिला भेटावयास गेलो तेव्हा वडीलधाऱ्या माणसाने अशा प्रसंगी जे बोलावे असा संकेत आहे, ते सर्व बोललो. संकटाने मनुष्य घडतो, सोने अग्नीतून गेल्यावाचून शुद्ध होत नाही, तेव्हा धीर धर, इत्यादी. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, धीर धरून ती चाचणी परत होणार आहे का?" मी प्रार्थना केली आणि घरी आलो. त्या प्रार्थनेत उत्तर टाळण्याचा भाग किती होता, हे माझे मला ठाऊक.

तिचा प्रश्न मनातून जाईना. गेलेली वस्तू धीराने परत येत नसेल, तर धीर म्हणजे नाइलाजाला दिलेले एक गोंडस नाव तर नव्हे? आणि ज्याचे स्वतःचे काही गेलेले नाही, त्याने ज्याचे गेले त्याला धीराचा उपदेश कोणत्या अधिकाराने करावा? क्रीडाक्षेत्रात हल्ली 'मानसिक कणखरपणा' या शब्दाला मोठे मोल आले आहे. त्याचे वर्ग भरतात, त्यावर पुस्तके निघतात. खेळाडू हरला, तर त्याचे मन कच्चे होते असे म्हणून आपण मोकळे होतो. कचेरीत, शाळेत, घरातही आता हीच भाषा शिरली आहे. तिच्यात एक सोय अशी, की पडलेल्याच्या पडण्याची जबाबदारी त्याच्याच माथी राहते.

हा प्रश्न मनात घोळत असतानाच जानेवारीत एका नातलगाच्या विवाहानिमित्त तमिळनाडूत जाण्याचा योग आला, आणि परतीच्या वाटेवर एक दिवस काढून मी तंजावरला उतरलो. मराठी माणसाला तंजावर परके वाटत नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापिलेले हे राज्य; बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास सांगणारा, १८०३ साली कोरलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही भिंतीवर वाचता येतो. परंतु मला पाहावयाचे होते ते शिवगंगा उद्यानाजवळचे १७७९ सालचे छोटेसे चर्च. तेथे जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने संगमरवरात कोरलेले एक स्मारक आहे. शय्येवर एक वृद्ध मिशनरी मृत्युपंथाला लागलेला आहे आणि त्याचा हात हाती घेऊन एक तरुण राजपुरुष उभा आहे. वृद्ध म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. तरुण म्हणजे सरफोजी भोसले, ज्याने हे स्मारक स्वतः करवून घेतले.

या दोघांची हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, परंतु ती बहुधा गोड करून सांगितली जाते. वस्तुतः तिची सुरुवात एका चुकीने होते. १७८७ साली राजा तुळजाजीने मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ श्वार्ट्झने करावा अशी इच्छा व्यक्त केली. श्वार्ट्झ हा जर्मन ल्यूथरन मिशनरी १७५० साली ट्रांकेबारला उतरलेला, तमिळ चांगली जाणणारा, तंजावरच्या दरबारात बोलता यावे म्हणून मराठीही शिकलेला. राज्यकारभाराचे हे ओझे आपले नव्हे असे मानून त्याने नकार दिला, आणि राजाचा सावत्र भाऊ अमरसिंह याच्या हाती कारभार सोपवावा, असे सुचविले. पुढे काय झाले ते इतिहासात आहेच. दत्तकविधान अशास्त्रीय असल्याचा अभिप्राय पंडितांकडून मिळाला, ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंहालाच गादीवर बसविले, आणि सरफोजी त्याच्या नजरकैदेत पडला. ज्याने राजा व्हावयाचे त्या मुलाच्या शिक्षणाचीही धड सोय राहिली नाही.

येथे श्वार्ट्झने काय केले, हे मला त्या स्मारकापुढे उभे राहून फार महत्त्वाचे वाटले. त्या मुलाला धीराचा उपदेश करून तो आपल्या कामाला लागला असता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्याने कंपनीच्या मद्रास सरकारपुढे त्या मुलाची बाजू मांडली, ती पुनःपुन्हा मांडली, त्याच्या संरक्षणाची व्यवस्था करविली. १७९३ साली सरफोजीला मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. दत्तकविधानाचा प्रश्न पुन्हा उघडला गेला आणि निर्णय फिरला. १७९८ च्या जून महिन्यात सरफोजी गादीवर बसला. श्वार्ट्झ त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला वारला होता. तो दिवस त्याला पाहावयास मिळाला नाही. त्याच्या थडग्यावरील इंग्रजी ओळी सरफोजीने स्वतः रचल्या. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिला, हेही येथे नमूद केले पाहिजे, कारण आपल्या लोकांच्या बोलण्यात ही गोष्ट कधी कधी गाळली जाते.

येथवर ही कथा आपल्या ओळखीच्या वळणाची आहे: संकट, धीर, विजय. तिला खरी कसोटी लागते ती पुढे. गादीवर बसून वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच, ऑक्टोबर १७९९ मध्ये, सरफोजीला कंपनीशी तह करावा लागला. सारा राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. अकरा वर्षे ज्याची वाट पाहिली ते राज्य हाती आले आणि बोटांतून निसटले. तेव्हा त्याचे वय बावीस.

त्यानंतर १८३२ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, तो त्या किल्ल्यात जगला. या काळात त्याने सरस्वती महाल ग्रंथालय जोपासले. काशीयात्रेला गेला तेव्हा तेथूनही हस्तलिखिते मिळवून आणली. धन्वंतरी महालात वैद्यकाचा अभ्यास चालविला; तेथील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आजही जपलेल्या आहेत. देवनागरी छापखाना काढला, इसापच्या गोष्टी मराठीत आणवून छापल्या. ओरथनाडूच्या छत्रात वाटसरूंना अन्न आणि मुलांना विद्या मिळेल अशी तजवीज केली.

याला धैर्य म्हणावे की शरणागती? माझ्याबरोबर ग्रंथालय पाहणारे एक गृहस्थ, निवृत्त इतिहासशिक्षक, स्पष्टच म्हणाले, "राज्य गमावले आणि पुस्तके जमविली." हे वाक्य कडू आहे, पण सर्वस्वी खोटे नाही. कंपनीच्या वसुलीखाली आलेल्या कावेरीकाठच्या शेतकऱ्याला सरस्वती महालाने काय दिले, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. अन्यायाशी जुळवून घेणे आणि त्यालाच मनाचे स्थैर्य म्हणणे, हा धोका खराच आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला आपल्याच मंडळ्यांतून सोशिकपणाचे धडे दिले गेले आहेत, हे आपण विसरू नये. जेथे अन्याय थांबविता येतो, तेथे धीर धर म्हणणे हे पाप आहे, असे मी म्हणेन. श्वार्ट्झने १७८७ नंतर जे केले त्याचे मोल याच कारणाने आहे.

परंतु जेथे गोष्ट खरोखरच हातची गेली आहे, तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मनुष्याने काय करावे, हा प्रश्न निराळा आहे. सरफोजीपुढे सैन्य नव्हते, सहाय्य नव्हते. गमावलेल्या राज्याची नक्कल करीत दरबार भरविणे आणि मद्यात बुडणे, हे त्या काळच्या अनेक राजांनी केले. तो मात्र जेवढी जागा उरली तेवढ्या जागेत कामाला लागला. राज्य परत यावे म्हणून ते काम नव्हते. ते आलेही नाही. १८५५ साली त्याचा मुलगा दुसरा शिवाजी पुत्रहीन वारला आणि ते संस्थानही संपले. ग्रंथालय उरले.

चेन्नईहून गाडी रात्रीची होती. दुपार मोकळी होती म्हणून मी चेपॉकच्या मैदानावरून चक्कर मारली. भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो याच मैदानावर, फेब्रुवारी १९५२ मध्ये, इंग्लंडविरुद्ध, एक डाव आठ धावांनी. कर्णधार होता विजय सॅम्युएल हजारे: सांगलीचा, शिक्षकाचा मुलगा, आपल्याच ख्रिस्ती समाजातला. परंतु त्याची आठवण मला त्या विजयासाठी आली नाही.

१९४३ सालच्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. (धर्मवार संघ पाडणारी ती स्पर्धा पुढे बंद पडली, ते बरेच झाले.) हिंदू संघाने पाच गड्यांच्या मोबदल्यात ५८१ धावा करून डाव घोषित केला, विजय मर्चंट नाबाद २५०. ख्रिस्ती वगैरे उरलेल्या समाजांचा 'द रेस्ट' हा संघ १३३ धावांत गारद झाला आणि त्याच्यावर फॉलोऑन आला. दुसऱ्या डावातही गडी भराभर पडले. त्या ढासळत्या डावात हजारे उभा राहिला. संघाच्या एकूण धावा ३८७. त्यांपैकी त्याच्या एकट्याच्या ३०९. सामना तरीही एक डाव आणि ६१ धावांनी गेला. चार वर्षांनी, जानेवारी १९४८ मध्ये, ॲडलेड येथे लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यापुढे त्याने कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. तोही सामना भारताने डावाने गमावला. १९५२ साली लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात एकही धाव फलकावर लागण्यापूर्वी चार गडी बाद झाले होते. तेथेही त्याने ५६ धावा केल्या, आणि तेथेही पराभव झाला.

जय हाच धैर्याचा पुरावा मानला, तर हे सर्व व्यर्थ ठरते. तसे ते कोणालाच वाटत नाही. का वाटत नाही, याचा विचार केला पाहिजे. आणि त्या ३०९ धावांच्या खेळीत आणखी एक माणूस आहे. हजारेच्या साथीला समोरच्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ विवेक होता. दोघांनी मिळून ३०० धावांची भागी केली. तीत विवेकच्या धावा किती? एकवीस. तासन्‌तास तो माणूस चेंडू अडवीत, पुसत, सोडून देत उभा राहिला. तो बाद झाला असता तर थोरल्याच्या ३०९ झाल्या नसत्या, कारण क्रिकेटमध्ये कोणालाही एकट्याने खेळता येत नाही. दुसरे टोक राखणारा कोणीतरी लागतो.

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. मराठीत धीर 'सुटतो', धीर 'खचतो', धीर 'येतो', आणि धीर 'देता' येतो. बुद्धी किंवा उंची दुसऱ्याला देता येत नाही, ती ज्याची त्याची असते. धीराचे तसे नाही. तो अंगचा गुण आहे तितकाच हातउसना घेण्याचा जिन्नसही आहे. मग कणखरपणाची परीक्षा फक्त पडलेल्याचीच का घ्यावी? २०२१ साली टोकियोत सिमोन बाइल्स ही श्रेष्ठ जिम्नॅस्ट सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली. हवेत गिरकी घेताना आपण कोठे आहोत हेच तिच्या शरीराला कळेनासे झाले होते. तिला भित्री म्हणणारे जगभर निघाले. तिच्या संघातील मुलींनी मात्र तिच्या वाचून स्पर्धा पुरी केली, रौप्यपदक मिळविले आणि तिला आपल्यातच ठेवले. २०२४ साली पॅरिसला ती परतली आणि जिंकली, हे सर्वांना स्मरते. परतली नसती तरी त्या मुलींचे वागणे बरोबरच ठरले असते.

ईयोबाच्या मित्रांविषयी आपण नेहमी कठोर बोलतो. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि कोणी एक शब्द बोलले नाही. त्यांचा अपराध आठव्या दिवसानंतरचा आहे, त्यांनी तोंड उघडल्यावरचा. पहिले सात दिवस त्यांनी जे केले ते मला कधी साधलेले नाही. मी तर त्या मुलीच्या खाटेशी बसल्यावर पाच मिनिटांत सोने आणि अग्नी काढला होता.

घरी आल्यावर दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर मी पुन्हा तिच्याकडे गेलो. ती जमिनीवर सतरंजीवर निजून व्यायाम करीत होती. गुडघ्याला पट्टा बांधलेला. पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलावयाचा, दहा आकडे होईपर्यंत धरावयाचा, खाली आणावयाचा, पुन्हा उचलावयाचा. असे तीस वेळा. आई जवळ बसून आकडे मोजीत होती. मला पाहून त्या चहा करावयास उठल्या. तंजावरचे काही सांगावे असे मनात होते, हजारेचेही. मी बोलण्यास तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "काका, आई गेली ना, आता तुम्ही मोजा. घाई करू नका, सावकाश मोजा."

मी तिच्याजवळ सतरंजीवर बसलो आणि मोजू लागलो.