नांव आणि सीमारेषा

सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे थर दिसतात. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या शिलारसाचे ते थर होत. 'दख्खन ट्रॅप' यांतील 'ट्रॅप' हा शब्दहि पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. या थरांचे शास्त्रज्ञांनीं 'शैलसमूह' पाडून त्यांना गांवांचीं व गडांचीं नांवें दिलीं. ही विभागणी निसर्गांतच होती, कीं माणसानें ती निसर्गावर लादली?

उत्तर सोपें नाहीं. कारण विभागण्याच दोन आहेत. १९८० नंतरच्या दशकांत कांहीं संशोधकांनीं खडकांतील स्ट्रॉन्शियम, बेरियम, टायटॅनियम यांचें प्रमाण पाहून जव्हार, इगतपुरी, खंडाळा, पोलादपूर इत्यादि समूह ठरविले. उलट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें थरांचें डोळ्यांना दिसणारें रूप प्रमाण मानून साल्हेर, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट असे समूह मानले. 'महाबळेश्वर' हें नांव मात्र दोहोंकडे आहे, आणि कसोटी निराळी!

तज्ज्ञ मनुष्य संदर्भावरून अर्थ ओळखतो. परंतु आज हें सारें ज्ञान संगणकाच्या भांडारांत भरलें जात आहे, आणि जें लिहून ठेविलें नाहीं तें तेथें हरपतें. दोन 'महाबळेश्वरां'ची तेथें सहज एकी होते.

मग एक पद्धति खरी मानून दुसरी टाकावी काय? शिलारसाचें मूळ शोधणाऱ्यास रासायनिक कसोटीच हवी. पण दुष्काळी गांवांत विहिरीची जागा पाहणाऱ्यास खडकाचीं छिद्रें, भेगा व थरांचे सांधे हवेत. पाणी तेथेंच सांठतें. एक पद्धति पुसणें म्हणजे कोणाच्या तरी हातांतलें साधन काढून घेणें होय.

यावरून सगळीं नांवें केवळ कल्पना आहेत, असेंहि म्हणतां येणार नाहीं. कोणतें द्रव्य मोजावें हें माणूस ठरवितो. तें किती भरावें हें ठरविणें त्याच्या हातीं नाहीं. प्रश्न माणसाचा असला तरी उत्तर खडकाचें असतें.

असत्य शिरतें तें प्रश्न पुसून उत्तर तेवढें ठेवल्यानें. म्हणून ज्ञानाची वही लिहिणाऱ्यानें प्रत्येक नांवाशेजारीं तें कोणीं, कोणत्या कसोटीनें व कशासाठीं ठरविलें, हें नमूद केलें पाहिजे. काम कंटाळवाणें खरें. पण पुढचा वाचक त्या नांवावर भरंवसा ठेवून विहीर खणणार आहे.