प्रपंचातील वारी

सज्जनहो, आपला वारकरी संप्रदाय हा संसारी माणसांचा संप्रदाय आहे. नामदेवराय शिंपी, सावतोबा माळी, गोरोबाकाका कुंभार, नाथमहाराज तर पैठणात भरल्या घरचे गृहस्थाश्रमी. यांपैकी कोणी प्रपंच टाकून रानात गेले नाही. म्हणून आम्ही कीर्तनकार लोक मोठ्या तोऱ्याने सांगत असतो, की बाबांनो, प्रपंच नेटका करा आणि मुखाने नाम घ्या. ऐकायला हे फार सोपे वाटते. पण प्रपंच सगळ्यांचा सारखा नसतो. कोणाच्या घरी मूल पाच वर्षांचे झाले की आपल्या हाताने जेवते, दप्तर घेऊन शाळेला पळते. कोणाच्या घरी तेच मूल आठ वर्षांचे झाले तरी आईला त्याच्या तोंडात घास घालावा लागतो, पाठीला हात देऊन बसवावे लागते, आणि ते 'आई' म्हणून हाक कधी मारील याची वाट पाहावी लागते. अशा घराला आपले निरूपण काय सांगते, याचा विचार आज करू.

मुंबईकर भाविकांना वडाळ्याचे विठ्ठलमंदिर सांगायला नको. एके काळी आसपास मिठागरे होती. त्या काळापासूनचे हे देवस्थान. ज्याला पंढरीला जाणे घडत नाही, तो आषाढीला वडाळ्याला येतो. परळ, लालबाग, शिवडी, दादर, सगळीकडून दिंड्या येतात, रांग लांबच लांब जाते, म्हणून लोक याला प्रतिपंढरपूर म्हणतात. एकदा तिथे जवळच कीर्तन होते. कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून मंडळी पांगली आणि एक बाई मागे राहिली. कडेवर सहा वर्षांचा मुलगा, मान एका बाजूला कललेली, तोंडातून लाळ. पदर धरून एक मुलगी उभी, असेल नऊ वर्षांची. तिच्या हातात भावाचा रुमाल. बाईने दोन प्रश्न विचारले. "महाराज, शेजारचे म्हणतात हे तुमच्या मागच्या जन्मीचे पाप आहे. खरं का हो? आणि दुसरं म्हणजे, याच्यामागे माझी सहा वर्षं वारी नाही, हरिपाठ नाही, एकादशीसुद्धा धड होत नाही. माझी माळ फुकट गेली का?"

हे दोन प्रश्न एकट्या तिचे नव्हेत. म्हणून त्यांचे उत्तर शास्त्राला आणि संतचरित्राला धरून दिले पाहिजे.

पहिला प्रश्न पापाचा. पूर्वपक्ष असा, की जो जन्म, जे शरीर मिळते ते कर्मानुसार मिळते. तेव्हा अशा मुलाचा जन्म हे कोणाच्या तरी दुष्कर्माचे फळ. बरं, कर्मसिद्धांत शास्त्रात आहे, तो मी नाकारीत नाही. पण तो कशासाठी सांगितला आहे? आपण आपले आचरण सुधारावे, आपल्या दुःखात धीर धरावा, यासाठी. शेजारणीच्या दारात उभे राहून तिच्या लेकराचे माप काढावे यासाठी तो सांगितलेला नाही. वैद्याच्या हातातले शस्त्र गळू कापायला असते. तेच वाटेच्या माणसाच्या पोटात खुपसले तर शस्त्राचा काय दोष?

आणि माळकऱ्याने तर हा शब्द उच्चारताना आपल्या माउलीला आठवावे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. हा दोष, दोष म्हणायचाच असेल तर, बापाचा. पण शिक्षा कोणाला झाली? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या चार लेकरांना. "संन्याशाची पोरे" म्हणून त्यांना वाळीत टाकले, मुंजी नाकारल्या. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी पोरांच्या कपाळचा डाग गेला नाही, शुद्धिपत्रासाठी पैठणचा रस्ता धरावा लागला. त्याच लेकरांपैकी एकाने शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. ज्यांनी मुंज नाकारली त्या पंडितांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. आईबापांचा दोष लेकराला लावला की काय होते, हे आळंदीने एकदा पाहिले आहे. मग त्या आळंदीची पायधूळ कपाळी लावणाऱ्याने दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवून "हे कोणाचे पाप?" असे विचारावे, हे शोभते काय?

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राचे आख्यान आहे. कहोड ऋषींची पत्नी गर्भवती होती. पोटातल्या बाळाने बापाच्या पठणातली चूक दाखवली, बाप रागावला आणि शाप देऊन बसला, की तू आठ ठिकाणी वाकडा होशील. इथेही राग बापाचा आणि अंग वाकडे झाले मुलाचे. पुढे हाच बाप जनकाच्या दरबारी वादात बंदी नावाच्या पंडिताशी हरला आणि पाण्यात बुडवला गेला. बारा वर्षांचा अष्टावक्र दरबारात गेला. द्वारपालाने आधी अडवले, पोर म्हणून हिणवले. त्याने बंदीला जिंकले आणि बापाला सोडवून आणले. शेवटी समंगा नदीत स्नान करून त्याचे अंग सरळ झाले असे आख्यान सांगते. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सभा जिंकली तेव्हा तो वाकडाच होता. अंग सरळ व्हायच्या आधीच त्याने बापाला तारले होते.

आता प्रत्यक्षाकडे येऊ. आम्ही पाठशाळेत शिकलो, की जे प्रत्यक्ष प्रमाणाने कळते तेथे शब्दप्रमाण वाद घालीत नाही. डाऊन सिंड्रोम म्हणून जी अवस्था आहे, तिचे कारण १९५९ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. या मुलांत एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रे येतात. सेरेब्रल पाल्सीत गर्भात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर थोड्याच काळात बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा होते, त्यामुळे हातपाय आखडतात, जीभ वळत नाही. बुद्धी मात्र कित्येकदा शाबूत असते. यात आईने ग्रहणात काय चिरले, कोणत्या देवाचा नवस फेडायचा राहिला, याचा काडीइतका संबंध नाही. तेव्हा गंडेदोरे, उतारे, अंगारे यांच्यामागे एक दिवसही घालवू नका. पहिली पाचसहा वर्षे मेंदू भराभर वाढत असतो. त्या दिवसांत व्यायाम, बोलण्याचे शिक्षण, डॉक्टरांची देखरेख मिळाली तर पुष्कळ साधते. परळचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ पासून उभे आहे, वडाळ्याहून ते काय लांब आहे? नवसाला कोंबडे घेऊन जाण्यापेक्षा तिथे मुलाला घेऊन जावे.

दुसरा प्रश्न वारीचा. पंढरीचा देव विटेवर उभा का राहिला, हे शेंबडे पोरही सांगेल. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारात आला. पुंडलिकाने हातातली सेवा सोडली नाही, वीट भिरकावली आणि म्हणाला, जरा थांब. आणि देव थांबला! रागावला नाही, परत गेला नाही, युगानुयुगे थांबलाच आहे. सेवेत गुंतलेल्या माणसासाठी थांबणे हे तर या देवाचे ब्रीदच आहे. पुंडलिकाने आईबापांची केली, ही माउली लेकराची करते. सेवेची दिशा बदलली म्हणून सेवा बदलत नाही. बाई, तुम्ही त्याला भरवता, पुसता, रात्री कूस बदलून देता, त्या वेळी देव तुमच्या दारात विटेवर उभा आहे असे समजा. हरिपाठ राहिला तर त्याला भरवता भरवता नाम घ्या. तेही झाले नाही तर घास हेच नाम. माळ फुकट गेलेली नाही.

आणि ज्याला पंढरीस जाता येत नाही त्याच्यासाठी संप्रदायात कूर्मदासाचे चरित्र आहे. पैठणचा कूर्मदास, त्याला ना हात ना पाय. लोळत, सरपटत तो पंढरीच्या वाटेला लागला. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आला आणि थकला. यात्रेकरूंबरोबर देवाला निरोप धाडला, की माझ्याने पुढे येववत नाही. तेव्हा देवच लऊळला त्याच्या भेटीला गेला. तिथे आजही त्याचे मंदिर आहे. आम्ही हे आख्यान रंगवून सांगतो, लोक डोळे पुसतात. पण एक गोष्ट आम्ही सांगायला विसरतो. हात नसलेल्या माणसाने पैठणपासून लऊळपर्यंत मजल मारली, तर रोज त्याच्या तोंडात घास कोणी घातला? कथेकरी म्हणतात, देवच रूप घेऊन येत होता. असेल. पण देव रूप घेतो ते कोणाचे? वाटेवरच्या माणसाचेच ना?

आता त्या रुमाल धरलेल्या मुलीकडे वळू. अशा घरात दुसरे मूल असते, त्याला सगळे "शहाणं बाळ" म्हणतात. ते हट्ट करीत नाही, कारण हट्ट करायला घरात जागा उरलेली नसते. सगळ्यांत धाकटी मुक्ताई, तिने ताटी लावून बसलेल्या भावाची समजूत घातली, तिचे शहाणपण आपण गातो. गाताना तिचे वयही आठवावे. नऊ वर्षांच्या मुलीला भावावर माया करायला शिकवावे, पण तिला दुसरी आई करू नये. आठवड्यातून एक घटका तरी आईने फक्त तिची वेणी घालावी, बापाने फक्त तिचे बोट धरून बागेत न्यावे. बापाचेही सांगतो. "मी कमावतो, बाकी तू बघ" म्हणून हात झटकू नयेत. रात्रपाळी करून आलेल्या बापाने मुलाला मांडीवर घेऊन एक वाटी पेज भरवली तर त्याचा थकवा वाढत नाही, उलट उतरतो.

एका घराच्या दुःखातून शेकडो घरांचा आधार कसा उभा राहतो, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. वडाळ्याच्या पुढचे स्थानक शिवडी. तिथल्या टेकडीवर जय वकील शाळा आहे. डॉ. होर्मसजी वकील आणि त्यांच्या पत्नी यांची मुलगी जय, तिला डाऊन सिंड्रोम होता. अशा मुलीला घ्यायला शाळा नाही, असे पाहून त्या पारशी दांपत्याने १९४४ साली शाळाच काढली. आज शेकडो बौद्धिक दिव्यांग मुले तिथे शिकतात. तशाच मिठू अलूर. मुलगी मालिनी सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मली. आईने १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापली. ती मुलगी पुढे इंग्लंडात पदव्युत्तर शिक्षण घेऊन आली आणि एका बोटाने टंकून तिने आपले आत्मचरित्र लिहिले. या आयांनी माळ घातली नव्हती. पण "माझे लेकरू" म्हणता म्हणता त्या "सगळ्यांची लेकरे" म्हणू लागल्या. संत तरी दुसरे काय करतात?

कायद्यानेही हात दिला आहे, तो सोडू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. ज्याचे दिव्यांगत्व शेकडा ४० किंवा अधिक ठरते, अशा मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणीचा दाखला व ओळखपत्र काढून घ्यावे. मूल अठरा वर्षांचे झाले, की सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येतो. "आमच्यामागे याचे कसे?" ही आईबापांची झोप उडवणारी चिंता आहे. नुसते "पांडुरंग बघून घेईल" म्हणून ती मिटत नाही. पांडुरंग बघतोच, पण कागद आपण करून ठेवावा लागतो.

शेवटी भजनी मंडळींना, फडकऱ्यांना, विश्वस्तांना हात जोडून विनंती. असे मूल कीर्तनात मध्येच ओरडले, तर वळून पाहू नका. आमच्या चालीत त्याने व्यत्यय आणला असे मानू नका. ज्याला शब्द फुटत नाही त्याला टाळाचा नाद कळतो. पखवाज घुमला की अशा मुलाचे डोळे कसे चमकतात, ते पाहणाऱ्याने पाहिले आहे. त्याच्या हातात टाळ द्या, ताल चुकला तर चुकू द्या. पायऱ्यांच्या कडेने चाकांची खुर्ची चढेल एवढा उतार बांधा. एकादशीला शेजारच्या अशा घरी जा आणि म्हणा, "वहिनी, तास दोन तास मी याच्याजवळ बसतो. तुम्ही दर्शन घेऊन या." लेकीला बरोबर घेऊन ती माउली दर्शनाला जाईल, आणि तुम्ही त्या मुलाला एक वाटी पेज भरवाल. त्या दिवशी मंदिराची पायरी तुम्ही चढला नाहीत तरी चालेल. तुमची वारी पोहोचली असे मी समजेन.

रामकृष्णहरि.