वरची माती

उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचायचं तर आधी वरची माती, मुरूम आणि दगड उपसावे लागतात. या सगळ्याला मिळून खाणीच्या भाषेत ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. कामगारांच्या तोंडी नुसतं ‘ओबी’. कापूस आणि तूर जिच्यात पिकते ती काळी माती कोळशाच्या लेखी वरचं ओझं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला मी वाढले, तिथे ओबीचे ढिगारे हेच आमचे डोंगर होते. भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्री होता, सातपुडा होता. पण क्वार्टरच्या मागच्या दारातून दिसणारा डोंगर डंपरांनी आणून ओतलेला आहे, हे समजायला चौथी-पाचवी उजाडली. समजल्यावरही त्याच्यावरची माया कमी झाली नाही. पुढे तो कुणाच्या तरी शेतांचा बनला आहे हे कळलं, तरीही नाही. अशी माया नीतीच्या कसोटीला उतरते का, हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्या मागे लागला आहे.

घुग्घुस दिसायला काही खास नाही. एका अंगाला वर्धा नदी, ताडाळीहून आत आलेला मालगाड्यांचा फाटा, कोळसा, सिमेंट आणि या सगळ्याची धूळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं. आम्हाला धूळ आकड्यांत माहीत नव्हती. पापड वाळत घातले की वर जुनं धोतर पसरायचं, एवढं माहीत होतं. आमच्या ओळीत एक घर करीमनगरकडचं तेलुगू, एक छत्तीसगढी, एक बिहारचं, एक गोंड आणि पलीकडे वऱ्हाडी. पाण्यावरून भांडण कोणत्या भाषेत सुरू झालं आणि कोणत्या भाषेत मिटलं, याचा पत्ता लागत नसे. तौलनिक साहित्य मी नंतर विद्यापीठात शिकले, पण त्याचा पहिला वर्ग नळावर झाला होता.

‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचारणाऱ्या मराठी माणसाला सहसा सातबारा, कुलदैवत आणि वाडवडिलांचं घर अपेक्षित असतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. क्वार्टर कंपनीचं, वडील निवृत्त झाले की सोडायचं. जिथे जीव जडला, तिथे कागदोपत्री आमचा काडीचाही संबंध नव्हता. आणि ज्यांचा होता, ज्यांच्या नावावर सातबारे होते, त्यांना जमिनी सोडाव्या लागल्या. कोळसा असलेल्या जमिनी संपादन करण्यासाठी १९५७ चा स्वतंत्र कायदाच आहे. नदीपलीकडे वणी तालुक्यात निलजई, मुंगोली ही आधी गावांची नावं. आम्हा कॉलनीतल्या मुलांना ती फक्त खाणींची म्हणून ठाऊक. ‘निलजईला ड्यूटी’, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना जमिनीपोटी खाणीत नोकरी मिळाली होती. काही वर्षांपूर्वी तो आणि मी खाणीच्या काठाशी, कुंपणाबाहेर उभे होतो. त्याने हात लांब करून दाखवलं, ‘आमची विहीर तिथं होती.’ मी बोटाच्या दिशेने पाहिलं. तिथे हवा होती. विहिरीची जागा खड्ड्याच्या तळाशी नव्हती. ती तळापासून कितीतरी वर, मोकळ्या आभाळात होती, आणि तिच्यातून एक बगळा चालला होता. आम्ही एकाच गावचे, एकाच शाळेतले. पण त्याला जे दिसत होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि मला जे आपलं वाटत होतं ते त्याच्या विहिरीभोवतीच्या मातीचं होतं.

ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने ‘सोलास्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो कोळशाच्याच संदर्भात. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात उघड्या खाणी पसरल्या आणि तिथली माणसं कुठेही न जाता घराला पारखी झाली. घर सोडलेल्याला घराची ओढ लागते. यांचं घर ते तिथेच असताना बदलून गेलं. एका लेखाच्या अनुवादात हा शब्द आला आणि मी अडले. मराठीत चपखल शब्द सापडेना हे खरं, पण अडचण तेवढीच नव्हती. हा शब्द माझ्या वर्गमित्राला बरोबर बसतो. मला बसत नाही. खाण माझ्या घरावर आली नाही. खाणीमुळे माझं घर झालं. मग उद्या कोळसा संपून कॉलनी ओस पडली आणि मला दुःख झालं, तर त्या दुःखाला त्याच्या दुःखाइतकाच मान द्यायचा का?

सिमोन वेय या फ्रेंच विचारवंत बाईने १९४३ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षीच, माणसाच्या मुळं धरण्याच्या गरजेविषयी पुस्तक लिहिलं. जो स्वतः उखडला गेला आहे तो इतरांनाही उखडतो, असं ती मानते. आमच्या कॉलनीला हे लावून पाहिलं तर ते अर्धंच खरं ठरतं. करीमनगरकडच्या शेजाऱ्यांकडे तिकडेही जमीन नव्हती; ते उखडूनच आले होते. डंपर त्यांनी चालवला, पण कुठलं शेत उकरायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. त्या कोळशाची वीज ज्यांच्या घरी गेली त्यांनीही ठरवलं नव्हतं, आणि त्यांना तर ते शेत दिसलंसुद्धा नाही. दोषाची वाटणी करायला बसलं की ती अशी दूरदूर जाते. पण मायेचा प्रश्न त्या वाटणीने सुटत नाही. मी फक्त डोंगरावर खेळले, त्यात गुन्हा काही नाही. मात्र डोंगर कशाचा आहे हे माहीत असून मी ‘आमचं घुग्घुस’ म्हणून हळवं लिहीत बसले आणि विहीर गाळली, तर ते मुळातलं गैरसोयीचं वाक्य गाळण्यासारखं होईल. असे अनुवाद मी तपासले आहेत. वाचकाला पत्ता लागत नाही. मजकूर उलट सुबकच होतो.

भूमिगत खाणीत छत तोलायला कोळशाचेच खांब सोडतात. वरून काही कळत नाही, वर वस्ती होते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसं वाचली. आसपासची घरं रिकामी करावी लागली. मी तेव्हा हैदराबादेत होते. ज्यांनी ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला त्यांनी मला एकच विचारलं, लोक तिथे राहतातच कशाला? दर पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबतं, तेव्हा मुंबईकरांना हे कुणी विचारत नाही. धुळीच्या गावावर जीव लावायचा तर कारण द्यावं लागतं. मला मात्र त्या दिवशी माझी माया फार हलकी वाटली. आमराईतल्या लोकांसाठी गाव म्हणजे रेशनकार्ड, मुलांची शाळा, महिनाअखेरीला उधार देणारा दुकानदार. ते सोडताना त्यांना जे सोडावं लागलं, ते मी सोडलं तेव्हा माझ्याजवळ नव्हतंच.

वर्गमित्र अजून तिथेच आहे. तो स्वतः आता डंपरवर आहे, ओबी वाहतो. त्याच्या मुलीच्या शाळेने मागे मुलांना जुन्या ओबीवर झाडं लावायला नेलं होतं, असं तो फोनवर सांगत होता. तिला तू विहिरीचं सांगतोस का, मी विचारलं.

‘सांगतो न,’ तो म्हणाला. ‘पण ते डोंगरच पाह्यते.’