सुचवणाऱ्याचा वाटा

समजा, ग्लायकोलिक ॲसिडचे तीव्र पील घरी लावून सत्संगातल्या एखाद्या ताईंचा चेहरा भाजला. दोष कोणाचा? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सूचना व इशारे अपुरे असतील तर उत्पादक जबाबदार. वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. पण “मला गुण आला, तुम्हीही लावा” असे आपण म्हणालो होतो, त्याचे काय? कायदा आपल्याला विचारत नाही. हेतू शुद्ध होता, असे मनही लगेच सांगते (मन आपले वकीलपत्र फार लवकर घेते). कर्म मात्र हेतूपाशी थांबत नाही. सावळ्या त्वचेवर अशा जखमेचे डाग महिनोन्महिने राहू शकतात. म्हणून ताईंना त्वचारोगतज्ज्ञांकडे आपणच घेऊन जावे, खर्चाचा वाटा उचलावा. “तुम्हीच जास्त वेळ ठेवलेत” हे खरे असले तरी आज बोलू नये.