करंगळीएवढी धार

सकाळची घाई आणि फिल्टरची करंगळीएवढी धार, या दोघींचं एका स्वयंपाकघरात पटणं कठीण. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या घरी रोज सातच्या सुमारास मुलगा बाटली धरून उभा राहतो आणि म्हणतो, "आई, जरा मोठा सोड ना नळ!" मोठा सोडता येतो. मी सोडत नाही.

त्या फिल्टरच्या नळकांड्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा आहे. तापलेल्या भट्टीत वाफ दिली, की त्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पडतात. अशा एका ग्रॅम कोळशातल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर हजारेक चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जागा व्हावी! कीटकनाशकं, फिनॉल, बेन्झिन अशी पाण्यात मिसळलेली विषं या भिंतींना चिकटून राहतात. नंदेसरीच्या रसायन-वसाहतीजवळ राहणाऱ्या आम्हा बडोदेकरांना ही नावं नवीन नाहीत. (क्षार मात्र हा कोळसा अडवत नाही, ते त्याचं काम नव्हे.) पण चिकटायला वेळ लागतो. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत पाणी कोळशाच्या थरात दहा-वीस मिनिटं रेंगाळेल, असं बघतात. नळ भसाभस सोडला, तर कोळसा तोच, पाणीही तेच, पण दोघांची धड गाठ पडत नाही.

माणसांचंही तसंच. मागच्या महिन्यात सासूबाई तीनदा गुडघ्याचं बोलल्या. हातात फोन होता, मी तीनदा "हं" म्हटलं. चौथ्यांदा त्या बोलल्याच नाहीत. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता बाटली भरेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसते, फोन ओट्यावर पालथा. त्या जुनं काही काही सांगतात. आजव्याच्या तलावाचं पाणी सयाजीराव महाराजांनी 1892 मध्ये शहरात आणलं आणि आमच्या रावपुऱ्यातला घड्याळाचा चिमणाबाई टॉवर 1896 मध्ये उभा राहिला. "आधी पाणी आलं हो, घड्याळ मागाहून," हे त्या अशा थाटात सांगतात, की जणू महाराजांनी त्यांनाच विचारून ठरवलं होतं. परवा गुडघ्याचंही निघालं; शनिवारी डॉक्टरांकडे जायचंय. मुलगा अजून कुरकुरतो, पण आजीची गोष्ट संपेपर्यंत तिथेच घुटमळतो. एक लिटरची बाटली भरायला आमच्याकडे चार मिनिटं लागतात.