फडकं अडकतं तिथं

एका तालुक्याच्या गावी एका माणसाचा श्रीखंडाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, दूध तापवायची दोन मोठी भांडी, चक्का टांगायच्या दांड्या आणि मधोमध स्टीलची उभी टाकी. टाकीत चक्का आणि साखर पडायची. वरची मोटर सुरू झाली की आतली पाती फिरायची आणि श्रीखंड घोटून निघायचं. तळाच्या तोटीतून ते डब्यांत भरायचे.

धंदा त्याच्या आईने सुरू केला होता, घरच्या ओट्यावर. तिच्याकडे पितळेची पातेली होती. दारावर कल्हईवाला आला की ती हातातलं काम टाकायची आणि पातेली घेऊन बाहेर बसायची. कल्हई विटलेल्या पातेल्यात दही लावायचं नाही, हा तिचा नियम होता. "आंबट पितळेला लागता कामा नये," म्हणायची. पुढे धंदा वाढला, पितळ गेलं, स्टील आलं. स्टीलला कल्हई लागत नाही, त्यामुळे भांड्याला आतून निरखून बघायची घरची सवयही हळूहळू सुटली.

टाकी मालकाने गावातच, स्वस्तात बनवून घेतली होती. घेताना चुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही. स्टील चांगलं आहे असं समजून त्याने पैसे मोजले.

धुण्याचं काम एका मावशींकडे होतं. आईच्या वेळेपासून त्या तिथे होत्या. संध्याकाळी डबे भरून झाले की त्या टाकीत सोड्याचं गरम पाणी सोडायच्या, ब्रशने घासायच्या, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायच्या आणि शेवटी सुती फडक्याने आतून कोरडी करायच्या. फडकं त्या घरून आणायच्या, रोज धुतलेलं.

एक दिवस त्या मालकाला म्हणाल्या, "मालक, तळाशी सांध्यावर फडकं अडकतंय. दोरा ओढला जातो."

मालक हिशेबात होता. मान वर न करता म्हणाला, "अडकू दे मावशी. तुम्ही नीट घासा म्हणजे झालं."

मावशींनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पाडवा आला. दुकानादुकानांतून मागणी आली, रात्रीचा दिवस करून माल गेला. पण काही दिवसांनी एक दुकानदार डबा घेऊन आला. झाकण फुगून वर आलं होतं. उघडलं तर फस्स आवाज झाला आणि ताडीसारखा वास आला. मग दुसरा डबा आला, मग खोकंच आलं.

मालकाने दूधवाला बदलला. विरजण बदललं. फ्रीजवाल्याला बोलावून थंडी तपासली. फरक पडेना, तेव्हा नमुना प्रयोगशाळेत नेला. तिथल्या मॅडमनी त्याला समोर बसवून समजावलं.

"यात यीस्ट वाढलंय. श्रीखंडात आंबटपणा आणि साखर इतकी असते की बहुतेक जिवाणूंना ते मानवत नाही. यीस्टला मानवतं. फ्रीजमध्येही ते सावकाश वाढतं, वायू सोडतं आणि झाकण फुगवतं. तुम्ही दूध उकळता तेव्हा ते मरतं. पण श्रीखंड घोटल्यावर तुम्ही ते पुन्हा तापवत नाही. म्हणजे दूध उकळल्यानंतर ते कुठून तरी आत येतंय. भांडी बघा."

भांडी बघा, असं त्या म्हणाल्या होत्या. मालकाने ऐकलं ते, धुणारीला बघा.

परत आल्या आल्या तो सगळ्यांसमोर मावशींना बोलला. वय झालं, हात चालत नाही, लक्ष नाही, असं बरंच. मावशी ऐकून घेत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या तासभर आधी आल्या. येताना बाजारातून तारेची घासणी आणली होती. त्या घासणीने टाकी आतून अशी घासली की बोटांची सालं निघाली. मग मुठीने ब्लीचिंग पावडर टाकली आणि टाकी काठोकाठ भरून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी टाकी झगझगीत दिसत होती. मालकाचं समाधान झालं.

पुढचा माल आधीपेक्षा लवकर फुगला.

महिनाअखेरीस मालकाने मावशींना सांगितलं, एक तारखेपासून येऊ नका. मावशींनी शेडची किल्ली खिळ्याला अडकवली, वाळत घातलेलं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं आणि त्या गेल्या.

त्यांच्या जागी एक तरुण बाई आली. हाताने चपळ, कामाला चोख. तारेची घासणी आणि रात्रभरचं ब्लीचिंग तिनेही चालू ठेवलं, कारण तिला तसंच सांगितलं होतं. डबे फुगतच राहिले.

अशात टाकीची तोटी गळायला लागली म्हणून एका मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा माणूस होता, वेल्डिंगचं काम करायचा. त्याने पान्याने तोटी खोलली आणि आतली रबरी चकती काढून हातावर घेतली. चकती कडक झाली होती, तिला बारीक चिरा गेल्या होत्या. मागच्या बाजूला पिवळट थर बसला होता. मिस्त्रीने ती मालकाच्या नाकाशी धरली. परत आलेल्या डब्यांना जो वास होता, तोच तिला होता.

"ही कधी काढली होती?" त्याने विचारलं.

ती काढता येते हेच मालकाला माहीत नव्हतं.

मग मिस्त्रीने बॅटरी घेतली आणि टाकीत डोकं घातलं. बराच वेळ तो आत बघत होता. तळ आणि भिंत जोडली होती त्या सांध्यावरून त्याने नख फिरवलं. मालकाचा हात धरून त्यालाही फिरवायला लावलं. नख दर बोटभर अंतरावर अडकत होतं. वेल्डिंग केलं होतं पण घासून सपाट केलं नव्हतं. त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं होती आणि छिद्रांभोवती तांबूस ठिपके. तळाच्या पत्र्यावर तारेच्या ओरखड्यांची जाळी पसरली होती.

मिस्त्रीने खिशातून औषधाची बाटली काढली. एक थेंब भिंतीला लावला, एक तळाला. वायर आणि बॅटरीचा सेल टेकवला. तळावरचा थेंब लाल झाला.

"भिंत ३०४ नंबरच्या स्टीलची आहे, शेठ. तळ २०२ चा घातलाय."

"पण चुंबक तर चिकटलं नव्हतं."

"दोन्हीला चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून २०२ मध्ये ते कमी करून मँगनीज घालतात. चुंबकाला तो फरक कळत नाही. आंबट-खारट लागलं की कळतो."

मिस्त्री जमिनीवर बसला. चहा आला होता, तो पीत म्हणाला, "माझे वडील कल्हई करायचे. भांडं तापवून नवसागर टाकायचे, कथील फिरवायचे. तो थर डोळ्याला दिसायचा. स्टील आपली कल्हई आपणच करतं. त्यातल्या क्रोमियमला हवा लागली की वर पातळ पापुद्रा धरतो, दिसणार नाही इतका पातळ. ओरखडा गेला तर पुन्हा धरतो. पण ब्लीचिंगचं पाणी रात्र रात्र ठेवलं की क्लोरीन त्या पापुद्र्याला टोचत राहतं आणि खड्डे पडतात. साध्या तारेने घासलं की तारेचं लोखंड पत्र्यात रुतून बसतं. मग तेच गंजतं."

"म्हणजे जितकं जास्त धुतलं..."

"तितकी खराबी वाढली. श्रीखंड त्या खड्ड्यात जाऊन बसतं, ब्रश तिथं पोचत नाही. फरशीच्या भेगेतली मुंगी केरसुणीने निघते का? धुणारी बाई लाख धुवेल. तिची काय चूक?"

मिस्त्री म्हणाला ते खरंच होतं. यीस्टची एक पेशी माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून लहान असते. सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यात त्यांची वस्ती सहज मावते. एकदा तिथे साखरेचा, दुधाचा चिकट थर धरला की वरून ओतलेलं औषधी पाणी त्याच्या आत नीट उतरतही नाही. दुसऱ्या दिवशी नवा चक्का पडतो आणि पाती फिरली की खड्ड्यातलं सगळं त्यात मिसळतं.

संध्याकाळी मालक मावशींच्या घरी गेला. त्यांनी त्याला बसायला पाट दिला, चहा ठेवला. मालकाला बोलायला सुचेना. शेवटी म्हणाला, "मावशी, फडकं अडकतं असं तुम्ही सांगितलं होतं."

"हो."

"मी ऐकलं नाही. वर सगळ्यांसमोर तुम्हाला बोललो. माझी चूक झाली."

मावशींनी कप त्याच्यापुढे ठेवला. "तोटीच्या आत बघितलं का? तिथं मला नेहमी शंका यायची. पण पाना तुमच्या कपाटात असतो."

त्या परत यायला तयार झाल्या. अट एकच घातली. पाना त्यांच्याजवळ राहील.

मिस्त्रीने टाकीचा तळ कापून काढला आणि ३०४ चा नवा बसवला. कोपरा काटकोनात न ठेवता गोलाई देऊन वळवला, म्हणजे ब्रश सरळ फिरावा. सांधा घासून, पॉलिश करून भिंतीशी एकजीव केला. वेल्डिंगने आलेला काळपट डाग पेस्ट लावून काढला. तोटीला खाद्यपदार्थांसाठीची सिलिकॉनची चकती आली. श्रीखंड कडेने खरवडायला जी लाकडी फळी वापरायचे, तिच्या रेषारेषांतून पांढरा मळ निघाला. ती फळी त्याच दिवशी चुलीत गेली. तारेची घासणीही बाहेर गेली. ब्लीचिंगचं पाणी मोजून करायचं, थोडा वेळच ठेवायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं आणि टाकी कोरडी करायची, असं ठरलं. तोटी रोज खोलायची, हे मावशींनी ठरवलं.

काम संपल्यावर मावशींनी सुती फडकं आतून एक वळसा पूर्ण फिरवलं. दोरा ओढला गेला नाही. दसऱ्याचा माल गेला. एकही डबा परत आला नाही.

खराब माल निघाला की आपली नजर आधी हाताकडे जाते, कारण हात समोर दिसतो. तो ज्या भांड्यावर फिरतो ते कुणी निवडलं, कुणी स्वस्तात घेतलं, हे मागे राहतं. आपल्याकडे अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा आहे, परवान्याचे नियम २०११ चे. भांडी आणि यंत्रं गंजू नयेत, सहज धुता यावीत, हे त्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात सांगितलंच आहे. ही जबाबदारी धंदा करणाऱ्याची आहे, पगारावर धुणाऱ्या बाईची नाही. आणि भांडं कुठे बिघडलंय हे त्याला रोज हात लावणाऱ्याला सर्वांत आधी कळतं. त्याचं ऐकायला पैसा लागत नाही.

पुढच्या वर्षी मालकाला मोठं घोटणयंत्र घ्यायचं होतं. शहरातल्या दुकानात जाताना त्याने मावशींना बरोबर नेलं. विक्रेत्याने मोटर दाखवली, वेग दाखवला, चकाकी दाखवली. मावशींनी पात्याचा दांडा झाकणात जातो तिथे बोट घातलं आणि म्हणाल्या, "हे खोलून दाखवा." विक्रेता म्हणाला, ते कंपनीचा माणूसच येऊन खोलतो.

"मग रोज धुवायचं कसं?" मावशींनी विचारलं.

मालकाने ते यंत्र घेतलं नाही. शेजारच्या दुकानात त्यापेक्षा महाग पण हाताने खोलता येणारं होतं, ते घेतलं.